सीताफळ परसातच लावावं

शिर्डी-राहात्याचं नाव निघालं की बाहेरगावच्या माणसाला साईबाबांच्या मागोमाग पेरू आठवतो. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या मांडून बसलेल्या बाया सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. सीताफळाशी मात्र या भागाचं नाव कुणी जोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. सीताफळ बालाघाटच्या डोंगरातलं, पुरंदरच्या माळावरचं, दौलताबादच्या उतारावरचं. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे गोदावरीच्या उजव्या कालव्याखालची काळी, भारी जमीन. उसाला, गव्हाला ती उत्तम. सीताफळाच्या मुळांना तिच्यात साचून राहणारं पाणी सोसत नाही.

जुन्या गावठाणातली माती मात्र वेगळी. कच्च्या विटांच्या, मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या पडत गेल्या आणि त्यांची जी पांढर तयार झाली, तिच्यातून पाणी झरझर निघून जातं. जुन्या शिर्डीच्या परसांत मोरीच्या अंगाला एखादं सीताफळ हमखास दिसायचं ते या पांढरीमुळे. आमच्या घरचं झाड सासूबाईंनी बी टोकून लावलेलं. मी या घरात आले तेव्हा ते फळाला आलेलं होतं, आणि त्याच्याकडे बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

सासूबाई झाडाला पाणी घालताना बाबांच्या बागेची गोष्ट सांगायच्या. साईसच्चरितात ती आहेच. शिर्डीत आल्यावर सुरुवातीच्या काळात बाबांनी जाई आणि झेंडू लावले होते. वामन तात्या नावाचा कुंभार त्यांना रोज दोन कच्चे घडे द्यायचा. बाबा विहिरीवरून स्वतः पाणी आणून झाडांना घालायचे आणि संध्याकाळी ते घडे निंबाखाली ठेवायचे. भाजलेले नसल्यामुळे घडे फुटायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे यायचे. असं तीन वर्षं चाललं. त्याच बागेच्या जागेवर पुढे बुट्टींचा वाडा झाला, म्हणजे आजचं समाधी मंदिर. रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या किती भक्तांना ठाऊक असेल, की आपण पूर्वीच्या एका फुलबागेत उभे आहोत? सासूबाईंचा या गोष्टीतून काढलेला अर्थ साधा होता. झाडाला रोज आपल्या हातानं पाणी घालावं, नळी सोडून निघून जाऊ नये. मी आजही बादलीनंच घालते, कारण बादली घेऊन झाडापाशी गेलं की झाडाकडे लक्ष जातं.

या झाडाच्या सहवासात माझं एक मत पक्कं होत गेलं. सीताफळ विकत आणून खाण्यात अर्थ नाही, ते घरी लावावं. पेरू, डाळिंब, आंबा ही फळं ट्रकमधून हिंडतात आणि तरीही बरी लागतात. सीताफळ पिकलं की एक-दोन दिवसांचं धनी. फ्रीजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते आणि चव बसते. त्यामुळे व्यापाऱ्याला ते आधीच तोडावं लागतं. फार कोवळं तोडलेलं फळ नीट पिकत नाही. बाहेरून काळं होतं, आत दडस राहतं आणि गर डोळ्यांना चिकटून बसतो. दसऱ्याच्या गर्दीत गाडीवरून घेतलेलं फळ घरी जाऊन फोडल्यावर ज्यांची निराशा होते, त्यांनी खरं सीताफळ अजून खाल्लेलंच नसतं. याला विकणाऱ्याचा इलाज नाही, कारण फळाची जातच तशी.

हे मत आणखी पक्कं झालं ते दूर अमेरिकेत. थोरला मुलगा ओहायोमध्ये कोलंबसजवळ राहतो. नातवासाठी म्हणून मी एप्रिलमध्ये गेले आणि दसऱ्याच्या आधी परतले. त्यांच्या घरामागे दोन सडसडीत झाडं होती. पान एकही नव्हतं, पण उघड्या फांद्यांवर खाली माना घातलेली, जांभळट तपकिरी रंगाची फुलं लटकत होती. जाड पाकळ्या, तीन बाहेर, तीन आत. मी फूल हातात धरलं आणि सूनबाईला म्हटलं, “अगं, हे तर आपल्या सीताफळाच्या घरातलं आहे!”

“हो आई, पॉपॉ म्हणतात याला. सीताफळाचंच कूळ,” ती म्हणाली.

पपईशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत, ओढ्याकाठच्या सावलीत ते आपसूक वाढतं, आणि त्या देशात मूळची म्हणून जी खाण्याजोगी फळं आहेत त्यांत आकारानं सर्वांत मोठं तेच. सूनबाई सकाळी रंगकामाचा बारीक कुंचला घेऊन त्या झाडांपाशी जायची. एका झाडावरच्या फुलांतले पराग झटकून वाटीत घ्यायची आणि दुसऱ्या झाडावरच्या कोवळ्या फुलांना लावायची. पॉपॉला स्वतःचे पराग चालत नाहीत, म्हणून वेगळ्या वाणाचं दुसरं झाड जवळ लागतंच. त्याच्या फुलाला मधमाश्या फिरकत नाहीत. कुजकट वासाला भुलून माश्या आणि भुंगेरे येतात, आणि तेही भरवशाचे नाहीत. तिकडचे काही हौशी लोक माश्या याव्यात म्हणून झाडाला मांसाचे तुकडे टांगतात. कुंचल्याचं काम त्यापेक्षा स्वच्छ आणि खात्रीचं.

सप्टेंबरात फळं आली. बोटाएवढ्या लांबीची, हिरवी-पिवळी, एका देठावर दोन-तीन. हलक्या हातानं फांदी हलवली की पिकलेलं फळ खाली येतं. मध्ये कापलं तर पिवळा, घट्ट सायीसारखा गर आणि आत दोन ओळींत चपट्या तपकिरी बिया. गोडवा केळ्याकडे झुकणारा, वास आंब्याकडे, आणि गिळल्यावर घशात किंचित कडसर चव उरते. मला ते आवडलं. सीताफळाचा रवाळपणा त्यात नाही, तो मात्र मला सारखा आठवत राहिला.

तिथल्या लोकांचं त्या फळावरचं प्रेम बघण्यासारखं आहे. ऑल्बनी गावाजवळ स्नोडेन नावाच्या तळ्याकाठी १९९९ पासून दर सप्टेंबरात पॉपॉची जत्रा भरते, तिथे मुलानं मला नेलं. २००९ मध्ये ओहायो राज्यानं पॉपॉला आपल्या मातीतलं मूळचं राज्यफळ ठरवलं. शेजारच्या केंटकीत फ्रँकफर्टच्या विद्यापीठात या एका फळावर अनेक वर्षं संशोधन चाललं आहे. नील पीटरसन नावाच्या गृहस्थांनी आयुष्य घालून निवडलेल्या वाणांना तिकडच्या नद्यांची नावं दिली आहेत, शेनँडोआ, सस्क्वेहाना, पोटोमॅक. इतकं सगळं असूनही मोठ्या दुकानांच्या फळीवर पॉपॉ दिसत नाही. कारण तेच. पिकलं की दोन-तीन दिवसांत संपतं, सालीला जरा दाब लागला की काळं पडतं. ज्याच्या परसात झाड, त्याच्याच ताटात फळ. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सीताफळाच्या भावंडाची हीच कथा ऐकून मला फार बरं वाटलं.

पॉपॉचं बी शिर्डीला न्यावं असं मला कधी वाटलं नाही. त्याच्या बीला उगवण्याआधी दोन-तीन महिने ओलसर थंडी लागते, झाडाला दर वर्षी कडक हिवाळ्याची झोप लागते. आमच्या चैत्र-वैशाखात, पारा चाळिशीच्या वर गेल्यावर, त्या जंगलातल्या जिवाचं काय होईल? ज्याचं त्यानं आपल्या जागी वाढावं. मी आणला तो कुंचला. खरं म्हणजे तोही इथेच राहात्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळाला असता.

सीताफळाचं फूल लोकांनी झाड असूनही पाहिलेलं नसतं. ते पानाच्या आड, खाली तोंड करून, पानाच्याच रंगाचं. बाहेरच्या तीन लांबट, मांसल पाकळ्या म्हणजेच फूल म्हणायचं, आतल्या तीन इवल्याशा असतात. आमचं झाड हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळतं. नवा कोंब पानाच्या देठाच्या बुडाशी झाकलेला असतो आणि पान पडल्याशिवाय तो फुटत नाही. म्हणून माघाच्या सुमारास मी हलकी छाटणी करते, राहिलेली म्हातारी पानं हातानं खुडते, थोडे दिवस पाणी तोडते आणि मग शेणखत घालून पाणी सुरू करते. नव्या फुटीबरोबर कळ्या येतात. खरा बहर मात्र मृगाच्या पावसावरच. हवेत ओलावा आला की फूल टिकतं, उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात सुकून गळतं.

एकाच फुलात स्त्रीभाग आणि पुरुषभाग दोन्ही असतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. आधी पाकळ्यांची टोकं नुसती फाकतात. त्या वेळी आतला मधला शंकू ओलसर, चिकट असतो आणि पराग घ्यायला तयार असतो, पण त्याच फुलाचे पराग अजून बाहेर पडलेले नसतात. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात, पराग सुटतात, तोवर शंकू वाळून गेलेला असतो. अर्ध्या मिटलेल्या पाकळ्यांच्या फटीतून आत शिरणारे बारीक काळे भुंगेरे हे काम करतात. ते आले तर आले. म्हणूनच झाड फुलांनी लगडतं आणि फळं मोजकी लागतात. लोक म्हणतात, “झाडाला नजर लागली.” नजर कुणाची लागत नाही, पराग पोचत नाहीत.

मी उजाडता उजाडता परसात जाते. पूर्ण उघडलेली फुलं खुडून कागदावर हलक्या हातानं आपटते. पिवळसर पांढरी भुकटी पडते, ती कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरते. मग टोकं नुकती फाकलेली फुलं शोधायची. डाव्या हाताच्या चिमटीनं एक पाकळी जराशी बाजूला करायची, मोडायची नाही, आणि परागात बुडवलेला कुंचला शंकूभोवती पूर्ण फिरवायचा. पूर्ण हे महत्त्वाचं. सीताफळाच्या अंगावरचा एकेक डोळा म्हणजे त्या शंकूतला एकेक भाग. ज्या बाजूला पराग लागले नाहीत त्या बाजूचे डोळे फुगत नाहीत आणि फळ एका अंगानं बसकं, वाकडं राहतं. बाजारात वाकडी सीताफळं दिसतात त्याचं कारण बहुधा हेच. पॉपॉसारखं दुसऱ्या झाडाचं बंधन इथे नाही, त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचे पराग चालतात. एकुलतं झाड असलेल्या घराला ही मोठीच सोय. ऊन चढायच्या आत काम उरकायचं. तैवानच्या ताइतुंग भागात शेतकरी बागाच्या बागा अशा हातानं फळवतात. आपल्याकडच्या परसातल्या एका झाडाला तर सकाळचा चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो.

काही दिवसांत पाकळ्या गळून पडतात आणि देठाला मिऱ्याएवढी हिरवी गोळी उरते. ती तिथे आहे ना हे बघायला मी दिवसातून कितीदा जाते, हे घरातले सगळे जाणून आहेत. धाकटी नात आता माझ्याआधी जाते आणि ओरडून सांगते, “आजी, धरलं गं!”

गोळीपासून फळापर्यंत चार महिने धरायचे. या काळातला मोठा वैरी म्हणजे पिठ्या ढेकूण. डोळ्यांच्या खाचेत पांढरा कापूस दिसला की समजावं. मुंग्या त्याला खोडावरून वर घेऊन जातात, म्हणून खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावलं की अर्धं काम होतं. राहिलेला मी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढते. शेतावर हे करता येणार नाही, तिथे व्हर्टिसिलियम बुरशीची फवारणी करतात. शेळ्यांचा त्रास या झाडाला नाही, पाल्याला त्या तोंड लावत नाहीत. खारी, बुलबुल आणि रात्रीची वटवाघळं मात्र फळ केव्हा गोड होतं ते आपल्याआधी ओळखतात. त्यांच्यासाठी वरच्या फांदीवरची फळं सोडायची आणि खालच्यांना जुन्या साडीच्या पिशव्या बांधायच्या, अशी आमच्याकडची वाटणी आहे.

फळ कधी तोडायचं हे समजलं की सीताफळ समजलं. डोळे फुगून एकमेकांपासून दूर सरकतात. मधल्या खाचा रुंद होतात आणि त्यांत पिवळसर पांढरी रेघ उमटते. हिरवा रंग फिका पडतो. ती रेघ आल्याशिवाय हात लावायचा नाही, मग पाहुणे दारात बसलेले असोत. देठ ठेवून कात्रीनं कापायचं, गव्हाच्या भुश्यात किंवा तांदळात अढी घालायची. दोन-तीन दिवसांत डोळे उघडू लागतात आणि फळ बोटानं दबतं. तेव्हा ते खायचं, आणि चमच्यानं नाही. दोन्ही हातांनी फोडायचं, एक अर्ध ओंजळीत धरायचं आणि डोळा-डोळा तोंडात घ्यायचा. सालीला चिकटलेला रवाळ थर सर्वांत गोड. तो चमच्यानं खरवडणारा माणूस अर्धं सीताफळ टाकून देतो.

सासूबाईंच्या झाडाशेजारी मी पुढे दोन कलमं लावली. एक राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेल्या फुले पुरंदर वाणाचं, दुसरं एनएमके-१ गोल्डनचं. हा दुसरा वाण बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी वर्षानुवर्षं निवड करत काढला. त्यात बिया कमी, गर घट्ट, आणि पिकल्यावरही फळ इतरांपेक्षा जास्त दिवस टिकतं. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडले ते अशा वाणांमुळे, आणि त्याबद्दल त्या माणसाचे उपकारच मानायला हवेत. पण चवीचा कौल विचाराल तर मी तो जुन्या झाडाला देईन. बियांनी भरलेलं, आकारानं लहान, पण फोडल्याबरोबर सगळ्या पडवीत ज्याचा घमघमाट सुटतो असं दुसरं फळ माझ्या परसात नाही. फुले पुरंदरचं मोठं फळ बासुंदीला उत्तम.

बासुंदीविषयी एक सांगायलाच हवं, कारण अनेकींची ती बिघडते. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. दूध आटवून, साखर घालून पूर्ण गार होऊ द्यावं आणि मगच गर घालावा. गर काढताना मिक्सर लावू नये. बी फुटलं की कडवटपणा येतो, शिवाय ते बी विषारी असतं. मोठ्या चाळणीवर फळाचा गर हातानं चोळावा, बिया आपोआप वर राहतात. याच बियांची पूड आमच्या लहानपणी उवांसाठी डोक्याला लावायचे. ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते, म्हणून आता तो उपाय कुणीच करू नये.

शिर्डीत वर्षातून दोनदा आमच्या परसांचा आणि गावाचा सण एकत्र यायचा. चैत्रात रामनवमीच्या उत्सवाच्या आसपास शेजारच्या वाड्यातलं रामफळ पिकायचं. आश्विनात, दसऱ्याला, बाबांची पुण्यतिथी. १५ ऑक्टोबर १९१८, त्या दिवशी विजयादशमी होती. त्या सुमारास आमचं सीताफळ भरात असतं. पालखी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात मी पेढ्याऐवजी सीताफळ ठेवते. मुंबईहून येणारी एक भाची दर वर्षी म्हणते, “आत्या, दोन-चार बांधून दे ना.” मी देत नाही. सिन्नरच्या घाटापर्यंतच ते पिशवीत फुटेल. इथे ओट्यावर बसून खा आणि हात धुऊन जा, असं मी तिला सांगते.

शेजारचं ते रामफळ आता राहिलं नाही. वाडा पडला, तिथे लॉज झालं. २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झाला, त्यानंतरचं समाधी शताब्दीचं वर्ष गेलं, आणि गावठाणातली परसं एकामागून एक खोल्यांखाली आणि गाड्यांच्या तळाखाली गेली. गावाला त्यातून रोजगार मिळतो, आमच्याही घरातला धाकटा त्यावरच आहे, त्यामुळे मी लॉज बांधणाऱ्यांना नावं ठेवणार नाही. पण फरशी घालताना एका झाडापुरती जागा उघडी ठेवायला काय हरकत आहे? सीताफळ फार उंच होत नाही, मुळांनी भिंत फोडत नाही, छाटून हवं तेवढं ठेवता येतं, पाण्याचं लाडकं नाही. गच्चीवर मोठ्या पिंपातही ते वाढतं. देवदर्शनाला आलेल्या माणसाला सकाळी अंगणात पिकलेलं सीताफळ मिळालं तर तो शिर्डीची आठवण पेरूपलीकडची घेऊन जाईल.

तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी येत्या वैशाखात दोन-दोन फुटांचा खड्डा घेऊन ठेवावा आणि उन्हात तापू द्यावा. काळी जमीन असेल तर निम्मा मुरूम घालावा, वर शेणखत आणि निंबोळी पेंड. कलम घेताना जोड नीट भरलेला बघून घ्यावा आणि लावताना तो मातीच्या वर ठेवावा. जोडाखालून येणारी फूट दिसेल तेव्हा खुडून टाकावी, नाहीतर खुंटच वाढतो आणि कलम मरतं. मृगाचे दोन पाऊस झाले की लावावं. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येतं.